शाळेच्या बसचे ड्रायव्हर दुपारी वर्कशॉपमध्ये मदतीला: कोणते काम द्यावे, कोणते देऊ नये?

टिळकवाडी_वाहतूक
नमस्कार मंडळी. बेळगावातली आमची व्यवस्था अशी आहे: शाळेच्या नऊ बस, नऊ ड्रायव्हर, एक पूर्णवेळ मेस्त्री, शेडमध्ये गाडीखाली उतरून काम करायचा एक खड्डा. सहा गाड्या एअर ब्रेकच्या आहेत, तीन लहान गाड्या हायड्रॉलिक ब्रेकच्या. सकाळची फेरी साडेसहाला सुरू होऊन साडेनऊला संपते, दुपारची तीनला सुटून सहापर्यंत चालते. मधल्या वेळात मेस्त्रीच्या हाताखाली ड्रायव्हर द्यावेत असा व्यवस्थापनाचा विचार आहे. कोणती कामे द्यावीत, किती वेळ द्यावा, सुरुवात कशी करावी? कृपया नेमके लिहा.

उद्यमबाग_मेस्त्री
सर, विचार चांगला आहे, पण गाडी खोलायला देऊन सुरुवात करू नका. मेस्त्रीला एकट्याला जमतच नाही अशी दोन माणसांची बरीच कामे असतात. ती आधी द्या.

एअर ब्रेकचे बघा. मेस्त्री खाली पुशरॉडला, म्हणजे चाकाजवळच्या ब्रेक चेंबरमधून (हवेच्या डब्यातून) बाहेर येणाऱ्या दांड्याला, स्केल लावून बसला की वर पेडल दाबायला माणूस लागतोच. हवा पूर्ण भरायची, इंजिन बंद करायचे, चाकांना ठोकळे लावून हँडब्रेक सोडायचा. ड्रायव्हरने पेडल पूर्ण दाबून धरायचे आणि मेस्त्रीने प्रत्येक चेंबरची चाल (दांडा किती बाहेर येतो ते) मोजून वहीत लिहायची. एकाच ॲक्सलच्या डाव्या-उजव्या चाकांची चाल वेगळी निघाली तर गाडी ब्रेकला एका बाजूला का ओढते ते तिथेच कळते. त्याच बैठकीत गळतीही तपासून होते. पेडल दाबलेले असताना घड्याळ लावायचे. मिनिटाला 3 पीएसआय (हवेच्या दाबाचे माप), म्हणजे साधारण 0.2 बारपेक्षा जास्त हवा उतरली तर साबणाचे पाणी घेऊन जॉइंट, होज आणि चेंबर तपासायचे.

लहान गाड्यांत ब्रेकच्या ऑइलमध्ये शिरलेली हवा काढायलाही दोघे लागतात आणि इथे बहुतेक चुका शब्दांमुळे होतात. वरच्याने पेडल तीन-चार वेळा पंप करून दाबून धरायचे. खालच्याने निपल (चाकाजवळचा हवा सोडायचा स्क्रू) सैल करायचे. पेडल खाली जाईल, ते तसेच खाली धरून ठेवायचे. निपल घट्ट झाले, खालून आवाज आला, की मगच सोडायचे. निपल उघडे असताना पाय उचलला तर सगळी हवा परत आत ओढली जाते आणि काम पहिल्यापासून. मास्टर सिलिंडरपासून (पेडल दाबल्यावर ऑइल ढकलणारा सिलिंडर) लांबच्या चाकापासून सुरुवात करा, कंपनीच्या पुस्तकात वेगळा क्रम दिला असेल तर तो पाळा. दर चार-पाच वेळांनी ब्रेक ऑइलच्या डबीतले ऑइल बघा. डबी रिकामी झाली तर तिथूनही हवा शिरते. काढलेले ऑइल परत डबीत ओतायचे नाही, आणि झाकणावर डॉट 3 लिहिले आहे की डॉट 4 (ब्रेक ऑइलची जात) ते वाचल्याशिवाय नवीन भरायचे नाही.

आपल्याकडे मेस्त्री कानडी आणि ड्रायव्हर मराठी, किंवा उलट, असे नेहमीच असते. म्हणून शब्द आधीच ठरवून घ्या: दाब, धर, सोड, किंवा ओत्तु, हिडी, बिडू. दोन्हींपैकी एकच संच वापरायचा आणि वरच्याने तोच शब्द परत उच्चारून मग कृती करायची. "हां, हां" हे उत्तर धरायचे नाही.

आता हात लावायचाच नाही अशी कामे. हँडब्रेकचा स्प्रिंग चेंबर: आतली स्प्रिंग दाबलेली असते, क्लँप सुटला तर माणूस जागीच जाऊ शकतो. कॉमन रेल इंजिनचे हाय प्रेशर पाइप: चालू इंजिनवर दाब हजार बारच्या वर जाऊ शकतो, डिझेलची बारीक धार कातडीतून आत घुसते. स्टेअरिंग बॉक्स, टाय रॉडचे जॉइंट, व्हील बेअरिंगची सेटिंग, स्लॅक ॲडजस्टर (एअर ब्रेकची चाल कमी-जास्त करणारा दुवा). शेवटच्याबद्दल ड्रायव्हर हमखास म्हणणार, "मला येतंय की." जमतही असेल. पण गाडीला ऑटोमॅटिक स्लॅक असेल तर तो हाताने आवळणे म्हणजे बिघाड झाकणे. चाल वाढली याचा अर्थ कॅम बुश झिजलाय, पिन अडकलीय किंवा स्लॅकच गेलाय. आवळून दोन दिवस ब्रेक चांगला लागतो आणि तिसऱ्या दिवशी पुन्हा तेच.

निपाणी_हिशेब
कामाच्या यादीआधी तासांचा हिशेब मांडा. नाहीतर हे सगळे ड्रायव्हरच्या झोपेतून वसूल होते.

दोन्ही फेऱ्या मिळून सहा तास होतात. दिवसाचे आठ धरले तर वर्कशॉपला उरले दोन. साडेदहा ते साडेबारा, त्यानंतर नाही. साडेबारा ते तीन जेवण आणि पडायला जागा, तीही शेडपासून लांब, आवाज नसलेली. साडेसहा ते सहा म्हणजे दिवसाचा पसारा साडेअकरा तास झाला, तो बारावर जाऊ देऊ नका. एका मेस्त्रीला एका वेळी दोनच मदतनीस नीट बघता येतात. सोमवार ते शुक्रवार रोज दोन म्हणजे दहा पाळ्या, ड्रायव्हर नऊ. प्रत्येकाला आठवड्याला एकच पाळी येते. उरलेली दहावी पाळी ज्याच्या गाडीचे काम अर्धे राहिले त्याला. ज्या दिवशी ज्याची पाळी, त्या दिवशी त्याचीच गाडी खड्ड्यावर घ्या. स्वतःच्या गाडीचा आवाज त्यालाच माहीत असतो.

पैसे वेगळे द्या आणि पगारपत्रकात वेगळ्या ओळीत दाखवा. आठ तासांच्या वर गेले तर दुप्पट दराने. नेमणूकपत्रात "चालक" एवढेच लिहिलेले असेल तर "वर्कशॉप साहाय्यक काम, मेस्त्रीच्या देखरेखीखाली" असे पुरवणी पत्र द्या. बोट चिमटले किंवा डोळ्यात कण गेला तर भरपाईच्या वेळी पहिला प्रश्न येतो की हा माणूस तिथे काय करत होता. त्याचे उत्तर कागदावर हवे.

कणबर्गी_चालक
स्पष्ट लिहितो. ड्रायव्हर हाताखाली मिळाले की पुढच्या वर्षी मेस्त्रीचा हेल्पर कमी होतो, त्याच्या पुढच्या वर्षी मेस्त्रीच अर्धवेळ होतो. मग गाडी "ड्रायव्हरने बघितली" एवढ्यावर सुटायला लागते. या गाड्यांत पन्नास-पन्नास मुले बसतात. मुलांच्या गाडीवर ही काटकसर नको.

आणि दुसरे, ड्रायव्हर थकलेला नसणे हासुद्धा मेंटेनन्सचाच भाग आहे. खड्ड्यात दोन तास मान वर करून काम केलेला माणूस तीन वाजता वडगावच्या गल्लीतून मुले सोडत जाणार. त्याची मान वळायला हवी, आरशात बघायला हवे.

उद्यमबाग_मेस्त्री
कणबर्गी अण्णांचे म्हणणे शंभर टक्के मान्य. म्हणून खड्ड्यात ड्रायव्हर उतरवायचा नाही. वर सीटवर, चाकापाशी किंवा टेबलावर. आणि जॉब कार्डावर सही फक्त मेस्त्रीची. ड्रायव्हरची सही वेगळ्या जागी: "बिघाड मी सांगितला, दुरुस्तीनंतर गाडी चालवून बघितली." या दोन सह्या कधी एका माणसाच्या नसाव्यात.

एक नियम पहिल्या दिवसापासून पाळा. गाडीखाली माणूस असेल तर किल्ली मेस्त्रीच्या खिशात आणि स्टेअरिंगला पाटी: "खाली माणूस आहे", खाली कानडीत "केळगे जन इद्दारे". पेडल दाबायला इंजिन लागत नाही, हवा आधीच भरून घ्या. गाडी जॅकवर असताना कोणीही आत चढायचे नाही, जॅकवर भरवसा ठेवायचा नाही, चॅसिसखाली लोखंडी स्टँड लागल्याशिवाय चाकाला हात नाही. सीटवर माणूस बसवून ब्रेक दाबायचा असेल तर गाडी चारही चाकांवर जमिनीवर असली पाहिजे.

जांबोटी_रस्ता
खानापूर भागातल्या पावसासाठी ग्रीसिंगबद्दल लिहितो. मदतनीस ड्रायव्हरला शिकवायचे पहिले हातकाम हेच असावे. धोका कमी आणि फरक लगेच जाणवतो.

जून ते सप्टेंबर जांबोटी, कणकुंबीकडच्या फेऱ्या असलेल्या गाड्यांना आठवड्याला ग्रीस लागते. बेळगाव शहरातल्या कोरड्या फेऱ्यांना कंपनीच्या पुस्तकातला अंतराचा आकडा चालतो. लाल मातीचा चिखल ग्रीस भरायच्या निपलवर सुकतो. तो न पुसता गन लावली तर ग्रीसबरोबर मातीच आत जाते आणि पिन ग्रीस न घातल्यापेक्षा लवकर झिजते. आधी फडक्याने पुसा, मग गन लावा, सीलमधून जुने काळे ग्रीस बाहेर पडून ताजे दिसेपर्यंत मारा, शेवटी निपलवर थोडे ग्रीस राहू द्या, पुढच्या चिखलाला तेच झाकण. लिथियमचे ईपी-2 ग्रीस बहुतेक ठिकाणी चालते. दोन जातीची ग्रीस एकाच गनमध्ये मिसळू नका.

किंगपिनला (पुढचे चाक जिच्यावर वळते ती पिन) गाडी जमिनीवर असताना ग्रीस मारले तर वजनाच्या बाजूला पोहोचत नाही. पुढचा ॲक्सल मेस्त्रीने उचलून स्टँडवर घेतल्यावर मारा. प्रॉपेलर शाफ्टच्या (इंजिनची ताकद मागच्या चाकांकडे नेणारा दांडा) क्रॉसला, म्हणजे त्याच्या जोडाला, चारही टोकांतून ग्रीस बाहेर यायला हवे. तीनच टोकांतून आले तर चौथा कप सुका आहे. थोड्याच दिवसांत गियर टाकताना "टक" असा आवाज सुरू होणार. ब्रेकच्या एस-कॅमला (ब्रेकचे बूट पसरवणारा दांडा) मात्र हात आखडता ठेवा. दोन-तीन स्ट्रोक बस. जास्त झालेले ग्रीस लायनिंगवर (ड्रमला घासणाऱ्या पट्टीवर) जाते, मग ते लायनिंग धुऊन उपयोग नाही, बदलावेच लागते.

एअर टँकचे ड्रेन कॉक (पाणी सोडायची तोटी) पावसाळ्यात रोज संध्याकाळी उघडा. नुसते पाणी आले तर ठीक. पाण्याबरोबर काळे ऑइल यायला लागले तर कॉम्प्रेसरच्या रिंगा ऑइल वर सोडतायत. ही बातमी ड्रायव्हरकडूनच मेस्त्रीला मिळायला हवी. डिझेल फिल्टरच्या खालच्या वाटीतले पाणीही याच दिवसांत वाढते.

टिळकवाडी_वाहतूक
फार उपयोगी. टायरचे काय? स्टेपनी बदलणे, हवा भरणे ही कामे ड्रायव्हर आधीपासून करतातच.

चिकोडी_टायर
हवा तपासणे द्या. हवा भरणे कोणत्या रिमवर आहे ते बघून द्या.

7.50-16 चे ट्यूबचे टायर अजूनही लॉक रिंगच्या (टायर रिमवर धरून ठेवणारी सुटी कडी) रिमवर असतात. रिंग नीट बसली नसेल तर हवा भरताना ती उडते आणि समोर जो असेल त्याच्या छातीवर किंवा डोक्यावर बसते. म्हणून लॉक रिंगचे चाक फुगवायचे तर लोखंडी पिंजऱ्यात, क्लिपचा चक (वॉल्व्हला अडकून राहणारे हवेच्या पाइपचे तोंड) लावून, माणूस बाजूला उभा. पिंजरा नसेल तर हे काम वर्कशॉपमध्ये करूच नका, टायरवाल्याकडे पाठवा. टायर अगदी बसलेला सापडला तरी तिथेच हवा भरायची नाही. चाक उतरवून रिंग तपासायची. आणि जोडीच्या मागच्या चाकांत आतले चाक काढण्याआधी दोन्हींतली हवा वॉल्व्हचा पिन काढून पूर्ण सोडायची, कारण रिम तडकलेला असेल तर नट ढिले होताच तो फुटू शकतो.

तपासणी अशी. हवा सकाळी गाडी थंड असताना बघायची, फेरीनंतर गरम टायरमध्ये आकडा जास्त दिसतो म्हणून हवा काढायची नाही. आतल्या चाकापर्यंत पोहोचणारा लांब चक घ्या. नाहीतर ड्रायव्हर बाहेरचेच चाक बघतो आणि आतले महिनोन् महिने कमी हवेवर पळते. जोडीतल्या दोन टायरांत 5 पीएसआयपेक्षा जास्त फरक नको. 8.25 पर्यंतच्या मापात दोघांच्या व्यासात 6 मिमीपेक्षा जास्त फरक नको, नाहीतर मोठा टायर सगळे वजन घेतो आणि लहान घासत राहतो. जोडीच्या मधे अडकलेला दगड रोज काढा, खडीच्या रस्त्यावरून येणाऱ्या गाड्यांत हटकून सापडतो. नक्षी 1.6 मिमीवर आली की टायर संपला.

अथणी_धूळ
आमच्या पूर्व भागात प्रश्न चिखलाचा नाही, धुळीचा. जानेवारीपासून एअर फिल्टरची फार नासाडी होते, आणि ती ड्रायव्हर चांगल्या मनाने काळजी घेतो म्हणूनच होते. फिल्टर काढायचा, सिमेंटवर आपटायचा, पंक्चरवाल्याच्या पूर्ण प्रेशरच्या हवेने बाहेरून मारायचा. आपटून रबराची कड वाकडी होते, जोराच्या हवेने कागदाला सुईएवढी भोके पडतात आणि तिथून धूळ थेट सिलिंडरात जाते. फिल्टर नुसता मळका दिसतो म्हणून काढायचा नाही. इंडिकेटर लाल झाला, किंवा पुस्तकातले अंतर झाले, तरच काढा. झटकायचे तर आतून बाहेर, 2 बारच्या आसपासच्या हवेने, नोझल कागदापासून वीतभर लांब. आतला लहान सेफ्टी फिल्टर साफ करायचा नसतो, फक्त बदलायचा असतो.

उसाच्या हंगामात रेडिएटरच्या पुढे पाचटाचा भुसा जाम बसतो. तोही इंजिनच्या बाजूने पुढे, कमी हवेने उडवा. बीएस-6 गाडीत डीपीएफचा (धुरातली काजळी अडवणारा फिल्टर) दिवा लागला तर रिजनरेशन, म्हणजे ती काजळी जाळणे, गाडी उभी करूनच मेस्त्रीसमोर करा. सायलेन्सरचे तापमान 600 अंशांच्या घरात जाते, म्हणून खाली पाचट, सुके गवत, ऑइलचे फडके काही नको. जवळच्या जवळ फेऱ्या असलेल्या शाळेच्या बसला हा दिवा वारंवार लागतो. दिवा दिसूनही ड्रायव्हर गप्प राहिला तर पुढे गाडी पॉवर कमी करते आणि रस्त्यातच उभी राहते.

यळ्ळूर_वाचक
बिघाडाची वही कोणत्या भाषेत ठेवावी? काही ड्रायव्हरांना लिहायचाच कंटाळा, काहींना मराठी येते, काहींना फक्त कानडी.

निपाणी_हिशेब
वहीऐवजी चित्र ठेवा. ए-फोर कागदावर बसचे चार बाजूंनी आणि खालून असे पाच आराखडे, त्याच्या बाजूला मराठी आणि कानडी दोन्हींत फक्त चार चौकोन: आवाज, गळती, ओढ, थरथर. ड्रायव्हरने जागेवर गोल काढायचा, चौकोनात खूण करायची आणि वेग किंवा परिस्थिती लिहायची: "30 वर", "ब्रेक दाबताना", "थंड असताना". मेस्त्रीला "गाडी बरोबर नाही" या वाक्याने काही कळत नाही. "40 वर स्टेअरिंग थरथरते, ब्रेक दाबला की थांबते" एवढ्याने त्याचे निम्मे काम झाले. कागद दोन प्रतींत, एक ड्रायव्हरकडे. बिघाड लिहून दिला होता हे पुढे दाखवता यायला हवे.

उद्यमबाग_मेस्त्री
मोठ्या कामांसाठी एप्रिल-मे हाच काळ धरा. कर्नाटकातल्या शाळा दहा एप्रिलच्या सुमारास सुटतात आणि मेअखेर उघडतात, म्हणजे जवळजवळ सात आठवडे. बऱ्याच ठिकाणी या दिवसांत ड्रायव्हरचा पगार थांबतो. तेव्हा फेऱ्या नसतात, थकव्याचा प्रश्न नसतो, मग त्याला पूर्ण दिवस मदतनीस म्हणून घ्या आणि पगार चालू ठेवा. जूनमध्ये नवीन ड्रायव्हर शोधत फिरण्यापेक्षा हे बरे.

गाड्यांचा क्रम फिटनेसच्या (आरटीओच्या योग्यता प्रमाणपत्राच्या) तारखेने लावा. आठ वर्षांपर्यंतच्या गाडीला दोन वर्षांनी, त्यापुढे दरवर्षी फिटनेस लागतो. जुन्या गाड्या आधी येतील. नऊ गाड्या, कामाचे साधारण चाळीस दिवस, म्हणजे गाडीला चार दिवस. पहिल्या दिवशी चाके उतरवून ड्रम काढणे. ड्रममधली धूळ हवेने उडवायची नाही, ओल्या फडक्याने किंवा ब्रशने पाण्यात धुवायची. जुन्या लायनिंगमध्ये ॲस्बेस्टॉस असू शकते आणि ते फुफ्फुसात बसले की निघत नाही. हे धुणे ड्रायव्हर करू शकतो, हातमोजे आणि मास्क लावून. लायनिंग रिव्हेटच्या डोक्यापासून 1 मिमीवर आले असेल तर बदलायचे, आणि एका ॲक्सलच्या दोन्ही बाजूंचे एकदमच. ड्रम टर्निंगला पाठवताना दोन्ही एकाच मापाला काढून आणा आणि ड्रमवर ओतलेला कमाल व्यासाचा आकडा लेथवाल्याला दाखवा. तो ओलांडला की ड्रम भंगारात.

लेथवरून माल यायला दिवस जातो. त्या दिवशी ड्रायव्हरने आतले काम उरकायचे: सीटचे बोल्ट, खिडक्यांच्या आडव्या दांड्या, पायरीचा पत्रा, वायपर रबर. इमर्जन्सी दार आतून आणि बाहेरून दोन्हीकडून उघडून बघायचे. वर्षभर न उघडलेले दार गंजून बसलेले असते आणि लहान मुलाच्या हाताने ते उघडत नाही. अग्निशामकाचा काटा हिरव्यात आहे का, सील आहे का, आणि पावडर तळाला घट्ट बसू नये म्हणून उलटा करून हलवायचा. स्पीड गव्हर्नरचे सील मात्र फक्त बघायचे, छेडायचे नाही. 40 ची मर्यादा मुलांसाठी आहे.

बॅटरी काढताना आधी निगेटिव्ह, लावताना निगेटिव्ह शेवटी. हे भिंतीवर रंगवून ठेवा.

कणबर्गी_चालक
पगार बारा महिने आणि सही मेस्त्रीची, हे दोन्ही लेखी होणार असेल तर माझा विरोध नाही. आणखी एक जोडा: दुपारच्या फेरीला निघण्याआधी हात साबणाने धुऊन, कपडे बदलून निघायचे. डिझेलच्या वासाने मुलांना उलट्या होतात. शिवाय ऑइलच्या हाताने स्टेअरिंग निसटते.

टिळकवाडी_वाहतूक
दोन्ही लेखी मांडतो. शेवटचा प्रश्न: चाक बसवल्यावर नट पुन्हा आवळणे ड्रायव्हरकडे द्यावे का?

चिकोडी_टायर
द्या, पण टॉर्क रेंचने (ठरलेल्या जोराने आवळायचा पाना) आणि मेस्त्री शेजारी उभा असताना. पाईप घालून पान्यावर उभे राहणे बंद करा. त्याने स्टड ताणला जातो आणि पुढच्या वेळी तुटतो. आकडा त्या गाडीच्या पुस्तकातला घ्या, दुसऱ्या मॉडेलचा नको. नट समोरासमोरच्या क्रमाने आवळायचे, गोल फिरत नाही. रिम आणि हब यांच्या मधल्या तोंडावर रंग किंवा गंज असेल तर तो आधी खरवडून काढा. रंग दबला की नट आपोआप ढिला होतो. 50 ते 100 किलोमीटर पळाल्यावर पुन्हा टॉर्क लावा, म्हणजे शहरातल्या फेऱ्यांना दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी.

मग प्रत्येक नटावरून रिमवर जाणारी पिवळ्या रंगाची एक रेघ ओढा. रोज सकाळी ड्रायव्हरने गाडीला फेरी मारताना ती बघायची. रेघ तुटलेली दिसली, किंवा नटाखालून गंजाचा लाल ओघळ आलेला दिसला, तर नट हलला आहे. ती गाडी त्या फेरीला काढायची नाही, मेस्त्रीला हाक मारायची.